एडक्याच्या फोटोतली आई

फोटो काढला होता तो खरं म्हणजे एडक्याचा. इंदापूरच्या जत्रेत टकरी झाल्या, त्यात हा एडका सगळ्यांना पुरून उरला, म्हणून मालकानं हौसेनं पेटीवाल्या फोटोग्राफरला गाठलं. बायकापोरं मागं उभी केली ती एडक्याला शोभा यावी म्हणून. त्या माणसांत एक बाई होती, आणि पन्नाशी गाठली तरी साखरबाईनं त्या बाईचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ती बाई तिची आई.

साखरबाईचं माहेर पळसदेवचं, मेंढरांमागं हिंडणाऱ्या धनगराचं घर. तीन पोरींच्या पाठीवर चौथी झाली तेव्हा बारशाचा विषय कुणी काढला नाही. नकोशी म्हणा, पुढचा मुलगा होईल, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच पोरीचं नाव झालं. पुढचा मुलगा झालाही, दादासो. पण त्याच बाळंतपणात आई गेली. नकोशी तेव्हा नुकती भिंतीला धरून चालायला लागली होती.

घर मग आत्यानं सांभाळलं. छबूबाई तिचं नाव, कामाला वाघीण आणि जिभेला तिखट. नकोशीच्या हातून काही सांडलं-लवंडलं की ती म्हणायची, "तुझ्या आयनं तुझं तोंडसुदीक बघितलं न्हाय. चौथीबी पोरगीच म्हणल्यावर भिताडाकडं तोंड करून पडली, ती मरंपातुर." थोरल्या बहिणींना विचारावं तर एक म्हणायची आठवत नाही, दुसरी म्हणायची, जाऊ दे ना आता. त्या 'जाऊ दे'नं नकोशीला आत्याच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. आई गेल्याचं दुःख तिला कळायच्या आतच होऊन गेलं होतं. आईनं आपल्याकडं एकदाही बघितलं नसेल, हे मात्र तिच्याबरोबर मोठं होत गेलं.

लग्न होऊन ती बारामती तालुक्यात कोऱ्हाळे बुद्रुकला आली. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, साखर. सासूनं सगळ्या पाहुण्यांदेखत सांगितलं, "आमच्या घरात नको असल्यालं कुणी न्हाय." पुढं ती सासू काही फार गोड निघाली नाही, पण साखरबाईनं त्या एका वाक्यावर तिचं सगळं सोसलं. शेवटच्या दुखण्यात तिचं सगळं अंथरुणात काढलं, कपाळाला आठी न घालता.

नवरा जोतीराम. बारामतीला पाटाच्या कचेरीत फेरो खलाशी. फेरो म्हणजे निळा नकाशा. चाऱ्या, मोऱ्या, दरवाजे असं सगळं आरपार दिसणाऱ्या कागदावर काढलेलं असायचं आणि त्याच्या प्रती जोतीराम उन्हात छापायचा. कागदावर हिरवी पूड आणि लाल खडे विरघळवून केलेलं औषध लावायचं, तो अंधारात वाळवायचा, वर नकाशा ठेवून ऊन दाखवायचं आणि पाण्यात टाकायचं. जिथं ऊन लागलं तिथं निळं, जिथं रेघ होती तिथं पांढरं. तयार कागद यायला उशीर झाला की तो जोतीराम हातानं करायचा, आणि तिथं साखरबाईचा संबंध यायचा.

कारण कोऱ्या कागदाला आधी खळ पाजावी लागते. नाहीतर कागद औषध पिऊन बसतो, ते आत मुरतं आणि निळं मळकट येतं. कचेरीत मैद्याची खळ करायचे, तिला गुठळ्या व्हायच्या. साखरबाई कुरडईसाठी गहू भिजत घालायची तसाच घालायची, तिसऱ्या दिवशी वाटून, पिळून, निवळून चीक काढायची, आणि तो चीक पातळ शिजवून द्यायची. तलम खळ, कागदावर फडक्यानं फिरवली की दिसायचीसुद्धा नाही. चीक जरा आंबला असला तर आणखी चांगलं, असं जोतीराम म्हणायचा. आंबट कागदाला मानवतं, खार मानवत नाही. नकाशात चुकीची रेघ दुरुस्त करायची तर कचेरीत सोड्याच्या पाण्यात टाक बुडवून लिहायचे. सोडा निळं खाऊन टाकतो आणि पांढरी रेघ उमटते. लग्नाच्या पहिल्या वर्षी जोतीरामनं निळ्या तुकड्यावर असंच सोड्यानं साखर असं लिहून तिला दाखवलं होतं. नवराबायकोनं एकमेकांचं नाव घ्यायचं नाही अशा काळात हा म्हणजे केवढा आगाऊपणा!

पुढं कचेरीत अमोनियाचं यंत्र आलं आणि हातचा कागद बंद पडला. त्या यंत्रापुढं उभा राहून, डोळ्यांतून पाणी गाळत, जोतीरामनं बाकीची नोकरी काढली. कपाट साफ करताना औषधाच्या काळ्या बाटल्या उकिरड्यावर निघाल्या होत्या, त्या त्यानं मागून घरी आणल्या. रिटायर झाल्यावर लहर लागली की कडुलिंबाच्या डहाळीचा एखादा निळा ठसा काढायचा आणि दिवसभर तो भिंतीला लावून बघत बसायचा. साखरबाई म्हणायची, "एवढं माझ्याकडं बघितलं आसतं, तर मी उजळून निघाले आसते."

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात दादासो एम-एटीवरून आला. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि गाडी तो वरातीतल्या घोड्यासारखी हळू चालवत होता. एरवी त्याची गाडी आली की कोंबड्या आधी पळायच्या, म्हणून साखरबाईला शंकाच आली.

झालं होतं ते असं. दादासोनं पळसदेवला कोंबड्यांचं शेड टाकलं होतं. खिडक्यांना काचा हव्या होत्या आणि इंदापुरात एक जुना स्टुडिओ बंद होऊन त्याच्या काचा किलोवर निघाल्या होत्या. पूर्वी फोटो काचेवर निघत, त्यातल्या या काचा; वर फोटोची काळपट कातडी होती, ती गरम पाणी आणि ब्लेडनं खरवडायची की झाली खिडकीची काच. दादासोनं बऱ्याच खरवडल्या. कुणाकुणाचे आजे-पणजे मोरीतून वाहून गेले. मग एक काच उजेडाला धरली आणि त्याचा हात थांबला.

"आक्का, आबांचा एडका हाय ह्यो, सुलतान," तो म्हणाला. "डावं शिंग बघ, दोन येढं घालून फुडं आल्यालं. आबा सांगायचे न्हाय का?"

साखरबाईनं काच उजेडाला धरली. सगळं उलटं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. पण शिंग खरंच तसं होतं. एडक्याची शिंगं धरून वाकलेला तिचा बाप, आबा, त्याचं पागोटं. मागं तीन लहान पोरी. आणि उजव्या अंगाला खुर्चीवर बसलेली बाई, मांडीवर गुंडाळलेलं काहीतरी.

"तीन पोरी उभ्या हायत्या," दादासो म्हणाला, "म्हंजी मांडीवर तूच. मी कुठला, मी तवा न्हवतोच."

साखरबाईचं लक्ष बाईच्या तोंडाकडं होतं. एडका, बाप, पोरी सगळे उलटे असले तरी नीट कळत होते. बाईच्या तोंडाच्या जागी मात्र नुसता काळा फराटा होता. तिनं काच तिरकी धरून पाहिली, पदरानं पुसायला गेली, तर जोतीराम ओरडला, "पुसू नगंस! साय निघंल." काचेवरची ती कातडी खरंच दुधावरच्या सायीसारखी एका कोपऱ्यात सुटायला लागली होती, नेमकी बाईच्या पायांकडं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको काच घेऊन बारामतीला गेले. तिथल्या स्टुडिओतल्या माणसानं ती उलटसुलट केली आणि सांगितलं की एवढी मोठी काच त्याच्या यंत्रात बसत नाही, साय सुटलेली आहे, त्यामुळं हात लावणार नाही, आणि बाईचं तोंड तर खराबच झालंय. पुण्याला कुणी करत असेल तर बघा. परत येताना एसटीत साखरबाई काच मांडीवर धरून बसली होती. माळेगाव गेलं तेव्हा जोतीराम म्हणाला, "काच दाट हाय. आसली दाट काच उन्हावर झ्याक निघती. मी काढतो."

"तुमी?"

"मग काय पुण्यास्नं कुणी येणार हाय व्हय?"

तर असा तो घाट घातला गेला. जोतीरामनं कचेरीतून आणलेला ड्रॉइंगचा जाड कागद पेटीच्या तळातून काढला, पिवळा पडलेला कडेचा भाग कापून टाकला. कांद्याच्या खोलीला घोंगडी लावून अंधार केला. जाड काच, फळी आणि मधे दाब सारखा बसावा म्हणून घोंगडीचाच तुकडा, असा साचा बनवला. आणि बायकोला म्हणाला, "खळ तेवढी तुझी."

योग असा, की त्याच दिवशी अंगणात कुरडया चालल्या होत्या. शेजारची रंगूबाई आणि साखरबाई, दोघींचा मिळून घाट. मोठ्या पातेल्यात चीक रटरटत होता, बाजेवर जुनं पातळ अंथरलं होतं, रंगूबाई सोऱ्या फिरवत होती. साखरबाईनं पातेल्यातला पळीभर चीक वाटीत काढला, त्यात गरम पाणी घालून सरबरीत केला आणि जोतीरामपुढं नेऊन ठेवला. वेगळा चीक शिजवायचा तर अर्धा दिवस गेला असता, आणि पन्नास वर्षं थांबलेल्या बाईला आता अर्धा दिवस थांबवत नव्हतं.

जोतीरामनं खळ पाजली. कागद दोरीवर वाळला. कांद्याच्या खोलीत मिणमिणत्या बल्बखाली औषध चढवलं. एरवी ते पोपटी दिसतं, आज जरा मातकट वाटलं, पण जोतीरामनं बल्बला दोष दिला. "आदी एक तुकडा पानावर बघू का?" तो म्हणाला.

"पान-बीन मागनं बघा," साखरबाई म्हणाली.

भर दुपारच्या उन्हात साचा अंगणात ठेवला. कडेचा कागद हिरव्याचा निळा झाला, निळ्याचा राखी झाला, तसा जोतीरामनं साचा उचलला. काच सुटी करताना सायीचा नखाएवढा तुकडा कागदाला चिकटून आला, बाईच्या पावलांचा. जोतीरामनं तो तसाच राहू दिला आणि कागद विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या घमेल्यात सोडला.

आधी शिंगं आली. मग पागोटं आलं, मग पोरींच्या परकरांचे काठ. निळे, स्वच्छ. साखरबाई गुडघ्यांवर बसून घमेल्यावर वाकली. उजव्या अंगाला खुर्ची आली, लुगड्याचा काठ आला. ऊन आणि घाम डोळ्यांत उतरला म्हणून तिनं पदरानं डोळे पुसले, आणि पुन्हा पाहिलं तर निळं फिकं पडत होतं. काठ गेला. खुर्ची गेली. पोरी, पागोटं, एडका, जसे आले तसे एकेक निघून गेले आणि पाण्यात चहाच्या डागासारखा कागद तेवढा राहिला.

रंगूबाईचा सोऱ्या थांबला.

"आजूनबी तिला माझ्याकडं बघायचं न्हाय," साखरबाई म्हणाली, उठली आणि आत गेली.

"आगं कागद हाय त्यो! कागदाला काय कळतंय?" जोतीराम मागून म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. बायको रडली असती तर त्याला काहीतरी करता आलं असतं. ती आत जाऊन भांडी घासायला लागली होती.

जोतीरामनं पहिला आरोप पाण्यावर ठेवला. उसाला पाणी पाजून पाजून सगळं रान खारावून चोपण झालं होतं, विहिरी मचूळ झाल्या होत्या, साबणाला फेस येत नव्हता. हेच पाणी निळं खाणार, दुसरं कोण? सायकलला दोन्हीकडं कळशा बांधून तो पाटावर गेला आणि गोडं पाणी घेऊन आला. तयार कागदाचा एक तुकडा उरला होता, त्यावर लिंबाचं पान ठेवून ऊन दाखवलं आणि पाटाच्या पाण्यात टाकला. पान उमटलं आणि गेलं. मग त्यानं औषधावर ठपका ठेवला. बाटल्या जुन्या, मेलं असेल. संध्याकाळी चहा पिताना तो म्हणाला, "दादासोला सांगावा धाडू. काच पुण्याला न्हेऊ दे. तितं कोणतरी आसंल." साखरबाई म्हणाली, "न्हेऊ दे." आणि ती हे इतक्या सहज म्हणाली की त्याला चहा जाईना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते असं. कुरडया वाळल्या तशी रंगूबाई चवीला दोन तळून घेऊन आली. ताटलीभर फुललेली, पांढरी, हात लावला तर मोडेल अशी.

"बघ की फुलली कशी," रंगूबाई म्हणाली. "तुझा पापडखार बरूबर पडला बया. माझ्या हातानं कवाच आसा पडत न्हाय."

साखरबाईनं कुरडई तोंडात घातली आणि चावायची थांबली. खार. चिकाला उकळी आली की चिमूटभर खार टाकायचा, ही तिच्या माहेरची रीत. हात इतका सवयीचा, की टाकला हे तिच्या लक्षातही नव्हतं. पापडखार काय आणि सोडा काय, जात एकच. निळ्या कागदावर पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं साखर तिच्या डोळ्यांपुढं आलं आणि तिनं कपाळावर हात मारला.

गप्प बसली असती तरी कुणाला कळलं नसतं. पाणी आणि औषध आरोपी म्हणून हजर होतेच. पण ती तडक कांद्याच्या खोलीत गेली, जिथं जोतीराम घोंगडी उतरवत होता.

"ऱ्हाऊ द्या ती घोंगडी," ती म्हणाली. "तुमचं औषध मेल्यालं न्हाय. खळ कुरडईच्या पातेल्यातली हुती. खार पडल्याला तिच्यात."

जोतीराम बघतच राहिला. "मी पाटाचं पाणी वाहून आणलं की गं! ह्या गुडघ्यांनी!"

"मग झाडास्नी घाला."

"आन् इतकी वर्सं खळ केलीस, तवा खार न्हवता पडत?"

"तवा येगळा शिजवत हुते. आता घाई झाली मला," ती म्हणाली, आणि एवढं बोलल्यावर तिला रडू फुटलं. दोन दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. जोतीराम कांद्यांच्या पाट्या बाजूला सारून तिच्याशेजारी बसला. त्याला राग आला होता, हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. यातलं कुठलं आधी करावं हे न कळून तो नुसता बसून राहिला.

मग त्यानं खरी अडचण सांगितली. कागद पुन्हा करता येईल. पण साय आता आणखी सुटली आहे. उन्हाच्या तापानं आणि कागदाच्या दाबानं ती परत चिकटली तर या वेळी पावलांवर भागायचं नाही, मांडी आणि तोंड जाईल. "काच आशीच ठिवली तर निदान हाय ती हाय," तो म्हणाला. "काढायला गेलो तर एकदाच. मग कायबी राहणार न्हाय. तू सांगशील तसं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी करताना, चुलीतला जाळ मागं ओढता ओढता तिनं सांगितलं, "ठिवून काय करायचं? मी मेल्यावर दादासोच्या कोंबड्या बघतील. काढा."

या वेळी गहू भिजत घातला तो फक्त कागदासाठी. तिसऱ्या दिवशी चीक काढला, आंबूस वास आला तसं जोतीराम वास घेऊन म्हणाला, "हां, ह्यो." साखरबाईनं पातेलं चिंचेनं घासलं, पाटाच्या पाण्यानं विसळलं आणि त्यात चीक एकटा शिजवला. रंगूबाईला त्या दिवशी अंगणात यायची बंदी होती. खळ फडक्यातून गाळली, कोमट असताना कागदावर आडवी फिरवली, मग उभी फिरवली, जास्तीची पुसून काढली. कागद दोरीला लावला तो दोन्ही कोपरे सारखे धरून. वाळल्यावर साखरबाईनं त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "झाला." कागदाच्या बाबतीत तिचा हात चुकत नसे.

आधी पानाचा तुकडा. पान उमटलं, पाण्यात राहिलं, वाळलं तरी राहिलं. मग मोठा कागद. औषध चढलं ते पोपटी, उसाच्या कोवळ्या शेंड्यासारखं. साय चिकटू नये म्हणून कागद पापडासारखा कडक होईपर्यंत वाळू दिला. दुपारचं ऊन नको, हे साखरबाईनंच सांगितलं. सकाळचं कोवळं ऊन तापत नाही. वेळ लागेल, लागू दे. साचा अंगणात ठेवला आणि ती शेजारी पाट टाकून बसली. ऊन सरकलं की साचा सरकवायची. दादासोला सांगावा गेलाच होता, तो पळसदेवहून आला आणि काही न विचारता शेजारी बसला. आईचं तोंड त्यानं तर कुठं पाहिलं होतं? पण तो ते बोलून दाखवणाऱ्यातला नव्हता. तंबाखू मळत राहिला, आणि खायला विसरला.

कड राखी झाली. जोतीरामनं साचा उघडला. काच उचलताना सायीचा मोठा तुकडा कागदाबरोबर उठला, फाटला, आणि काचेवर उजव्या अंगाला मोकळी जागा राहिली. आता काय असेल ते कागदावर. साखरबाईनं कागद त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः पाण्यात सोडला. चिकटलेली साय पाण्यानं फुगून सुटली, हळूच वर तरंगली. खालून पिवळं पाणी निघून गेलं.

सुलतान आला, शिंगांसकट, डोळ्यातल्या चमकेसकट. आबा आले. तिघी पोरी आल्या, श्वास कोंडून उभ्या असल्यासारख्या. खुर्ची आली, लुगड्याचा काठ आला, मांडीवरचं गाठोडं आलं आणि त्यातून बाहेर आलेली बारकी मूठ. निळं गेलं नाही. उलट गडद होत गेलं. पण बाईचं तोंड स्टुडिओवाला म्हणाला तसंच निघालं. कपाळावरच्या आडव्या कुंकवाची पुसट रेघ कॅमेऱ्याकडं, आणि तिथून खाली ओढत गेलेला फराटा. नाक नाही, डोळे नाहीत.

जोतीरामला वाईट वाटलं. "काच खराब न्हवती गं," तो हळू म्हणाला. "कागदबी चांगला झाला. तीच हालली. तवा पेटीपुढं लई येळ थांबावं लागायचं. फोटोवाला दम द्यायचा, हालू नगा. सगळी थांबली, एडकासुदिक थांबला. ही एकटी हालली."

"हालली व्हय," दादासो म्हणाला. "मग काय उपेग, आक्का? आय काय दिसली न्हाय."

 साखरबाई घमेल्यावर वाकली होती. तिनं बोट पाण्यात घातलं आणि कागदाला न लावता, वरच्यावर, कुंकवाच्या रेघेपासून फराट्यावरून खाली नेलं. तोंड उजवीकडं गेलं नव्हतं, डावीकडं गेलं नव्हतं. खाली गेलं होतं. फराटा जिथं संपत होता तिथं डोक्यावरच्या पदराची कड पुन्हा स्पष्ट होती, म्हणजे हलून झाल्यावर ती तिथं थांबली होती. आणि तिथून खाली वीतभरसुद्धा नव्हतं, लगेच ती मूठ.

"ती तोंड फिरवून बसली न्हाय," साखरबाई म्हणाली. "माझ्याकडं बघतीया."

दादासोनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग धाकट्या भावाला शोभेल असं चिडवत म्हणाला, "रडत आसशील तू."

"रडत आसंन," साखरबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी घमेल्यात पडत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. "पर बघितलं की तिनं."